इग्निसला हॉट रॉडचा साज: एक उन्हाळा, एक पावसाळा झाल्यावर

गाडी मारुतीची निळी इग्निस, एमएच 43, चाकांना स्टीलच्या डिस्क (म्हणजे रिम) आणि वर प्लास्टिकचे व्हील कप असलेलं मॉडेल. राहायला नेरूळ, ऑफिस ऐरोली, म्हणजे ठाणे-बेलापूर रोड रोजचाच. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिला हॉट रॉडचा लूक दिला. काम झाल्या दिवशीचे फोटो सगळेच टाकतात. पुढे काय टिकलं, ते सांगतो.

मूळ हॉट रॉड म्हणजे 1932 च्या फोर्डसारख्या गाड्या. त्या वर्षी फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं. कॅलिफोर्नियातली पोरं कोरड्या तलावांच्या पात्रात शर्यती लावायची, आणि वजन कमी व्हावं म्हणून मडगार्ड, बंपर, निघेल ते काढून टाकायची. तो लूक काढण्यातून आलाय. आपले ॲक्सेसरीवाले मात्र सगळं वरून चिकटवतात. दुकानदाराने आग्रहाने बॉनेटवर लावून दिलेला खोटा स्कूप (हवा आत घेणाऱ्या तोंडासारखा उंचवटा) एप्रिलच्या उन्हात डबल टेपसकट सुटला. बरंच झालं, तशीही गाडी वरातीच्या टेम्पोसारखी दिसत होती.

आजच्या गाडीचं मडगार्ड काढता येत नाही, पण कप आणि मागची क्रोमची अक्षरं निघतात. अक्षरं हेअर ड्रायरने गरम करायची आणि मागून तंगूस करवतीसारखी ओढायची. ओरखडा पडत नाही. उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्याने जातो.

सगळ्यात पैसा वसूल झाला तो डिस्कवर. टायर आणि व्हॉल्व्ह उतरवून डिस्क रबाळे एमआयडीसीत लाल पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची कोरडी पूड चढवायला दिल्या. कोटिंग भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर भाजतात, त्यामुळे स्प्रेच्या रंगासारखे पोपडे निघत नाहीत. एक गोष्ट मात्र आधीच बजावून सांगा: नट जिथे टेकतो तो उतार आणि हबला चिकटणारी मागची बाजू टेप लावून कोरी ठेवायची. तिथे पावडरचा थर बसला तर तो दाबाने चेपतो आणि घट्ट केलेले नट ढिले होतात. चाकं बसवल्यावर थोडं चालवून नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलंय ते मोजणाऱ्या) पुन्हा तपासून घेतले. मधे स्टेनलेस स्टीलच्या छोट्या गोल टोप्या बसवल्यात. क्रोम केलेल्या प्लास्टिकच्या स्वस्त मिळतात, पण मित्राच्या गाडीवरच्या खाडीच्या हवेत पावसाळ्याआधीच सोलल्या. खड्ड्यांनी एका डिस्कची कड थोडी वाकली, ती ठोकून सरळ झाली. अलॉय असती तर तडा जायची भीती.

दुसरं टिकलेलं काम म्हणजे लाइनिंग, बॉडीवरची बारीक रंगीत रेघ. स्टिकरची पट्टी नको होती, म्हणून कळंबोलीला ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी आधी बॉडीवरचं पॉलिश पुसून काढलं, करंगळी पत्र्यावर टेकवली आणि लांब केसांच्या ब्रशने हेडलाइटपासून मागच्या दारापर्यंत क्रीम रंगाची रेघ एका दमात ओढली. हात उचललाच नाही. "साहेब, ट्रकची बॉडी याच्या तिप्पट असते," एवढंच म्हणाले. ऑइल पेंटची ती रेघ धुवाधुवीत, पावसात जशीच्या तशी आहे. जवळून पाहिलं तर कुठे जाड, कुठे बारीक दिसते, आणि मला तीच आवडते.

पांढऱ्या पट्ट्याचे टायर विसरा. टायर आणि डिस्कच्या मधे अडकवायची रबरी रिंग मिळते, पण रेडियल टायरची बाजू सतत दबते-फुगते. पाम बीच रोडवर वेग वाढला की रिंग फडफडायची आणि टायर घासायची. शिवाय महिन्याभरात चहाच्या डागासारखी तपकिरी. काढून टाकल्या. लाल डिस्कला काळा टायरच शोभतो.

मॅट काळ्या रॅपचा (गाडीभर चिकटवायच्या बिनचमकीच्या फिल्मचा) मोह मी टाळला. आरसीवर निळा लिहिलंय, तेव्हा रंग बदलला की आरटीओत नोंद करावी लागते. वर मॅटला पॉलिश चालत नाही, आणि आमच्या सोसायटीतली कबुतरं कोणाचं ऐकत नाहीत. गाडी बुटकी दिसावी म्हणून छप्पर किंवा खांब कापण्याचा विषयच नको. कंपनीने दिलेली मूळ रचना बदलू नये असं सांगणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही आड येतात. परवानगीशिवाय बदल केल्यास प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. सायलेन्सरही कंपनीचाच ठेवलाय.

सीटना उभ्या फुगीर पट्ट्यांचं लाल रेक्झिन केलं, तेवढं मात्र बायकोला अजिबात पटलेलं नाही. मे महिन्यात पाठ चिकटते हे खरं आहे. दिवाळीनंतर मधला भाग कापडी करून घेणार, कडा लालच राहतील.