लेकराच्या ताब्याच्या केसचे पैसे घेतले, केस टाकलीच नाही

आमच्या तालुक्याच्या कोर्टासमोर काळा कोट घालून फिरणारा एक माणूस आहे. तो वकील नाही. कापसाच्या चुकाऱ्यातले चाळीस हजार रुपये त्याने माझ्या धाकट्या बहिणीकडून उकळले, म्हणून हे लिहितो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांनी तरी नक्की वाचा.

बहीण माहेरी आहे, मुलगा चार वर्षांचा. सासरचे "पोट्टं उचलून नेऊ" म्हणत होते. दाराला कडी लावूनही तिला झोप येत नव्हती. त्या माणसाने नेमकं हेच हेरलं. "मुलगा हाय, कोर्ट बापालेच देते. पण कायले चिंता करता? सायबाशी आपली बैठक हाय, पोट्टं मायजवळच राहीन." दोन्ही थापा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मध्येच आहे की पाच वर्षांखालच्या लेकराचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, मुलगा असो की मुलगी. पुढेही कोर्ट आधी लेकराचं हित बघतं. कायदा तिच्याच बाजूचा होता, आणि त्याच गोष्टीसाठी जजसाहेबाच्या नावावर पैसे घेतले!

वकीलपत्रावर सही घेतली, लेकराचा मूळ जन्मदाखला घेतला, पावती दिली नाही. मग व्हॉट्सॲपवर नुसत्या तारखा. बहिणीला कोर्टात कधी उभंच केलं नाही. शेवटी त्याने दिलेला केस नंबर आम्ही ई-सेवा केंद्रात दाखवला. तिथल्या मुलीने तो टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. दोन अनोळखी कास्तकारांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा होता तो. बहिणीच्या नावाने काहीच दाखल नव्हतं. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "मंग एवढे दिवस माह्या लेकरासाठी कोणीच बोललं नाही?"

केस खरंच दाखल झाली की तिला सीएनआर नंबर मिळतो. अक्षरं-आकडे मिळून १६, आपल्याकडे सुरुवात एमएचने. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकला की दोन्ही बाजूंची नावं आणि पुढची तारीख दिसते. हा नंबर मागाच. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, विचारायलाही लाजू नका, आणि मूळ कागद कोणाच्या हाती ठेवू नका.

बाईला तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. तिला उत्पन्नाची अटही नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा, नाहीतर १५१०० वर फोन. बहिणीला तिथूनच वकीलबाई मिळाल्या. निकाल लागेपर्यंत लेकरू मायजवळच राहावं, हा अंतरिम अर्ज त्यांनी सगळ्यात आधी टाकला. जन्मदाखल्याची नवी प्रत ग्रामपंचायतीतून निघाली.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, सोबत व्हॉट्सॲपचे सगळे मेसेज जोडले. तो आता "पैसे उसने घेतले होते" म्हणतो. आणखी कोणाचे त्याने असेच घेतले असतील तर तुम्हीही ठाण्यात जाऊन लेखी द्या. दुसरी तक्रार आली की उसन्याची ही बतावणी टिकणार नाही.