सात महिने डोक्यावर टोपी: चेंडू मी हलवतो की तो आपला आपण हलतो?

द्वारका सर्कलला गाडी घसरून उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण हात परका वाटायचा. कप उचलला तरी तो मी उचलला असं वाटेना. फिजिओथेरपी चालूच होती, जोडीला ही घरगुती ईईजी टोपी घेतली, डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लहरी टिपणारी.

काम साधं आहे. हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या हालचालीच्या भागावरची ८ ते १३ हर्ट्झची म्यू लहर दबते. उजव्या हातासाठी डावीकडचा सी-३ नावाचा इलेक्ट्रोड (डोक्याला टेकून लहरी टिपणारी चकती) बघायचा. लहर दबली की स्क्रीनवरचा चेंडू वर.

पहिले पंधरा दिवस चेंडू ढिम्म. मग कळलं, रविवारी आई डोक्याला तेल चोपडते, त्यावर इलेक्ट्रोड काय धरणार! लॅपटॉपचा चार्जरही काढावा लागतो, नाहीतर विजेची ५० हर्ट्झची घरघर सिग्नलमध्ये शिरते. आणि चिवडा खात बसलात तर चेंडू वेड्यासारखा नाचतो. मेंदूचा सिग्नल जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग), जबड्याचे स्नायू त्याला सहज गिळतात.

मुठीचं चित्र डोळ्यांसमोर आणून काही होईना. ओलं धुणं पिळताना मनगटाला जो ताण येतो तो आठवला आणि चेंडू सरसर चढला. त्या रात्री झोप लागली नाही, खरंच.

चौथ्या महिन्यात भाच्याने गुपचूप आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. पाच मिनिटं मी ऐटीत चेंडू ‘चालवला’. "मामा, हे कालचं आहे!" तोंडच उतरलं. संशोधक खोट्या फीडबॅकचा, म्हणजे स्वतःचा नसलेला सिग्नल बघणाऱ्यांचा, वेगळा गट का ठेवतात ते तेव्हा उमगलं.

‘मी केलं’ ही जाणीव मोजताही येते म्हणे. २००२ साली मेंदूशास्त्रज्ञ पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्वतःहून बटण दाबलं तर त्यानंतरचा आवाज लवकर आल्यासारखा वाटतो. मेंदूला दिलेल्या चुंबकीय झटक्याने बोट आपोआप हललं तर उलट, हालचाल आणि आवाज यांतलं अंतर वाढल्यासारखं वाटतं. माझ्या टोपीत असली चाचणी नाही, नुसते गुण आणि टाळ्या.

हात आता माझा वाटतो. श्रेय टोपीचं की फिजिओच्या रबरी चेंडूचं, देव जाणे. नवीन घेणार असाल तर आधी कुणाची तरी वापरून बघा. आता आठवड्यातून दोनदा बसतो, आणि खरं की रेकॉर्डिंग ते भाचा ठरवतो. परवा दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही पाच आलेच असते.