ग्रॅटिट्यूड जर्नल: छपाई देखणी, रकाने मात्र चुकलेले

पुस्तकांच्या दुकानांत आणि ऑनलाइन 'ग्रॅटिट्यूड जर्नल' म्हणून, म्हणजे दिवसातल्या चांगल्या गोष्टी कृतज्ञतेने टिपायच्या वह्या म्हणून, ज्या छापील डायऱ्या मिळतात, त्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या असतात. ए-5 आकार, म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटर. जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं, आत रेशमी फीत. पानाच्या माथ्यावर बहुधा इंग्रजी सुविचार, खाली सकाळचे तीन रकाने, रात्रीचे तीन, आणि कोपऱ्यात रडव्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे. किंमत साधारण तीनशे ते सहाशे रुपये. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, या साच्याचं आहे. गुण आणि दोष दोन्ही साच्यातच आहेत.

गुण आधी. रोज काही चांगलं टिपून ठेवणं हा नुसता वेळ घालवायचा छंद नाही. 2003 साली रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना आठवड्यातून एकदा पाचपर्यंत चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या, काहींना त्रासाच्या. चांगलं लिहिणारे आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. 2005 साली मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी आठवडाभर रोज रात्री तीन गोष्टी लिहून घेतल्या आणि त्याचा फायदा सहा महिन्यांनंतरच्या मोजणीतही दिसला. फक्त त्या प्रयोगात एक अट होती: प्रत्येक गोष्टीपुढे ती 'का' घडली तेही लिहायचं. बाजारातल्या बहुतेक जर्नलांनी तीनचा आकडा उचलला आणि 'का' गाळला. भाजी उचलून फोडणी दुकानातच विसरावी, तसा हा प्रकार आहे.

याचा परिणाम पानावर दिसतो. रकाना दीड-दोन सेंटिमीटर उंच, त्यात एक ओळ मावते, फार तर दीड. मग लिहिलं जातं: 'आई. तब्येत. नोकरी.' दुसऱ्या आठवड्यात पुन्हा 'आई. तब्येत. नोकरी.' तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप चालतो आणि मन भलतीकडेच असतं. हीच नोंद अशी करून पाहा: 'आईने फोनवर आपणहून सांगितलं की रात्रीची गोळी घेतली. का? रविवारी डबीच्या खणांवर वार लिहून ठेवले होते.' आता यात एक माणूस आहे, एक वेळ आहे, आणि आपण केलेली एक छोटी गोष्ट आहे जी उद्या पुन्हा करता येते. 'का'चं उत्तर दर वेळी स्वतःकडेच यायला हवं असं नाही. 'शेजारच्यांनी पंप वेळेवर लावला म्हणून' हेही चालतं. पण अशा नोंदीला पाच ओळी लागतात आणि छापील रकान्यात तेवढी जागाच नसते.

रात्रीच्या भागात एक प्रश्न हमखास असतो: आजचा दिवस आणखी चांगला कसा करता आला असता? ज्यांना स्वतःला बोल लावायची सवय आहे, त्यांच्यासाठी हा रकाना झोपेच्या तोंडावर उघडलेलं आरोपपत्र ठरतो. तो खुशाल मोकळा सोडा. त्या जागी उद्याची कामं लिहिणं जास्त कामाचं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांवर झालेल्या प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. म्हणजे 'बँकेचं काम' असं नको. 'अकराच्या आत बँकेत जाऊन केवायसीचा अर्ज देणे, पॅनची झेरॉक्स सोबत' असं हवं.

पाच चेहऱ्यांबद्दल फार बोलायला नको. दिवसभर बरं चाललेलं असतं, साडेनऊला घरात भांडण होतं आणि दहाला रडव्या चेहऱ्यावर खूण पडते. म्हणजे नोंद दिवसाची नसून शेवटच्या अर्ध्या तासाची झाली. ठेवायचीच असेल तर रोज जेवणानंतर ठरल्या वेळी, एक ते दहामधला आकडा आणि सोबत एक शब्द: '6, कंटाळा', '4, डोकेदुखी'. महिन्याने चाळताना आकड्यापेक्षा तो शब्दच जास्त सांगतो.

सगळ्यात मोठी खोट तारखांची. काही जर्नलांत वर्षाच्या तारखा छापून येतात, काहींत '90 दिवसांचं आव्हान' असतं. गणपतीत चार दिवस वही उघडली गेली नाही की चार कोरी पानं डोळे वटारून बसतात, आणि मन हलकं करायला आणलेल्या वहीचंच ओझं होतं. गंमत म्हणजे रोज लिहायलाच हवं असंही नाही. मानसशास्त्रज्ञ सोनिया ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. अतिपरिचयाने चांगल्या गोष्टीही फिक्या पडतात. म्हणून पहिला आठवडा रोज लिहा, नंतर दर रविवारी वीस मिनिटं, हा बेत आम्हाला छापील साच्यापेक्षा बरा वाटतो.

बांधणी मात्र दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. डायरी मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढा. आपोआप मिटली तर ती गम बाइंडिंगची, म्हणजे पानं नुसती डिंकाने चिकटवलेली. अशा डायरीत कण्याजवळची बोटभर जागा वाया जाते, आणि दाबून उघडली की महिन्या-दोन महिन्यांत पानं सुटू लागतात. शिवण बांधणीची वही सपाट पडून राहते. लक्ष्मीपूजनाला पूजतात त्या लाल कापडी चोपड्या याच कारणाने वर्षभर दुकानदाराचा हात सोसतात. कागद 80 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) खालचा असेल तर शाईपेन मागच्या पानावर फुटतं. त्यावर बॉलपेनच बरं. गुळगुळीत चकचकीत कागदावर जेलपेनची शाई लवकर वाळत नाही आणि डावखुऱ्यांचा तळहात निळा होतो.

हे साधन मरगळीवर आणि कुरकुऱ्या स्वभावावर काम करतं, आजारावर नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर चांगल्या गोष्टी आठवायचा प्रयत्नच उलटतो, कारण काही आठवलं नाही की अपराधी वाटतं. तेव्हा डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, फोन लगेच करा.

मग घ्यावं की नाही? भेट म्हणून द्यायला किंवा सुरुवातीची गोडी लागायला ठीक, तेही तारखा न छापलेलं आणि शिवलेलं. नाहीतर एकरेघी वही घ्या. 'दोनशे पानी' म्हणून मागितली तरी हाती बऱ्याचदा 172 पानीच पडते, तेव्हा आकडा पाहून घ्या. 172 पानं म्हणजे नोंदीला अर्धं पान धरलं तर 344 नोंदी. वहीचा आणखी एक फायदा म्हणजे ती कोणाच्या नजरेत भरत नाही. सोनेरी अक्षरांचं जर्नल टेबलावर दिसलं की पाहुणेही उघडून बघतात, आणि कोणीतरी वाचेल या धाकाने नोंदी सोवळ्या होतात. वहीला खाकी कव्हर घालून वर 'दूध, पेपर, इस्त्री' असं लिहिलं की घरातलं कोणी तिला हात लावत नाही.