नाशकात मिळणाऱ्या तयार फॉर्मालिनच्या बरण्या: कुठली घ्यावी, कुठली परत करावी

गोळे कॉलनीत सर्जिकलचं सामान घ्यायला गेलं की फॉर्मालिन (शरीरातून काढलेला तुकडा तपासणीपर्यंत कुजू नये म्हणून ज्यात ठेवतात ते द्रावण) भरलेल्या बरण्या आता आयत्या मिळतात. २० मिलीची लहान बाटली, ६० मिलीची, रुंद तोंडाची एक लिटरची बरणी आणि पाच लिटरची झाकणाची बादली. लहान हॉस्पिटलांची मोठी सोय झाली आहे. लघवी तपासायच्या डबीत अंदाजाने फॉर्मालिन ओतून बायोप्सी पाठवायची पद्धत यामुळे बंद झाली तरी पुष्कळ झालं. पण सगळ्याच बरण्या घेण्यासारख्या नाहीत, आणि स्तनाच्या गाठीसाठी घेत असाल तर निवड फार जपून करावी लागते.

लेबलवर नुसतं ‘फॉर्मालिन १०%’ छापलेलं असेल तर ती परत करा. ‘न्यूट्रल बफर्ड’, म्हणजे आंबटपणा वाढू न देणारे क्षार घातलेलं, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. बाजारातल्या ३७ ते ४०% फॉर्माल्डिहाइडचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिळून १०% फॉर्मालिन होतं, म्हणजे त्यात फॉर्माल्डिहाइड जेमतेम ४%. बफर नसेल तर ठेवल्याठेवल्या त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होतं. मग रक्ताळलेल्या तुकड्यात तपकिरी-काळे कण बसतात आणि हार्मोन रिसेप्टरची (गाठ हार्मोनवर वाढते का, हे सांगणारी) तपासणीही बिघडू शकते. दुकानातच पीएचची पट्टी बुडवून पाहावी, सातच्या आसपास यायला हवी. पाच-साडेपाच दाखवली तर तो सगळा लॉट नको. रोजचा वापर असलेल्या हॉस्पिटलने घरीच बनवलेलं स्वस्त पडतं: ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, १०० मिली फॉर्मालिन, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. थंडीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा साठ्याच्या कॅनमध्ये तळाला पांढरा साका दिसतो. ते फॉर्माल्डिहाइडच साखळ्या होऊन खाली बसलेलं असतं. अशा कॅनमधलं वरचं पाणी मापून घेतलं की द्रावण कमी ताकदीचं होतं.

२० मिलीची बाटली आम्हाला सगळ्यांत आवडली. ट्रूकट बायोप्सीच्या (जाड सुईने काढलेल्या) चार-सहा काड्यांना ती भरपूर होते. तुकड्याच्या निदान दहापट, शक्यतो वीसपट फॉर्मालिन हवं हा हिशोब तिथे सहज बसतो. झाकणाला आतून रबरी चकती आहे ना, तेवढं बघा. रात्रभर टीपकागदावर उलटी ठेवली आणि सकाळी कागद कोरडा निघाला तरच ती मालेगाव-सटाण्याहून पार्सलने यायच्या लायकीची. लेबल बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नको, कारण ग्रॉसिंगच्या, म्हणजे लॅबमध्ये तुकडे बघून कापायच्या, टेबलावर झाकणं बदलतात. नाव पेन्सिलीने लिहा. जेल पेनाची शाई एका थेंबाने पसरते आणि मग उजवा की डावा, हेच वाचता येत नाही.

६० मिलीच्या बरणीचं तोंड आतल्या घेरापेक्षा बरंच अरुंद आहे. मऊ गाठ दाबून आत जाते, दुसऱ्या दिवशी कडक होऊन बसते आणि बाहेर काढताना तिच्या कडा फाटतात. कडेलाच तर गाठ पूर्ण निघाली की नाही ते बघायचं असतं. ही बरणी घेऊ नका.

खरा प्रश्न मोठ्या स्पेसिमेनचा, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या अख्ख्या अवयवाचा. ७०० ग्रॅमच्या स्तनाला दहापटीच्या हिशोबाने सात लिटर लागेल, आणि बहुतेक ठिकाणी तो एक लिटरच्या बरणीत कोंबला जातो. फॉर्मालिन पहिल्या तासात साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, पुढे वेग आणखी मंदावतो. चरबीतून तर फारच हळू. बाहेरून पांढरी-कडक झालेली गाठ आतून कच्चीच असते आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचा मधला भाग कुजायला लागतो. सात लिटर मावत नसलं तरी त्यातल्या त्यात पाच लिटरची बादलीच घ्या, पण बादलीने निम्मंच काम होतं. रक्तपुरवठा तुटल्यापासून तासाभरात तुकडा फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे, आणि पॅथॉलॉजिस्टशी आधी बोलून, कडांना शाई लावून, मागच्या बाजूने पाच ते दहा मिलिमीटरच्या कापांत गाठ उघडली पाहिजे. कापांमध्ये गॉज ठेवला की द्रावण आत फिरतं. दिशेसाठी आखूड टाका वरच्या कडेला, लांब टाका बाहेरच्या कडेला, आणि हे फॉर्मवरही लिहायचं.

एवढी धडपड कशासाठी, ते ईआर-पीआरच्या (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांच्या रिसेप्टरच्या) स्लाइडवर दिसतं. गाठीच्या निदान १% पेशींची केंद्रकं रंगली तर ईआर पॉझिटिव्ह धरतात, १ ते १०% असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’. उशीर झाला की बऱ्याचदा पीआर आधी फिका पडतो. खोटा निगेटिव्ह रिपोर्ट गेला तर त्या बाईला पाच ते दहा वर्षं चालणारी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची गोळी मिळतच नाही, आणि ह्या गोळ्या कर्करोगाच्या औषधांत स्वस्तातल्या आहेत. म्हणून निगेटिव्ह आला की त्याच स्लाइडवरच्या निरोगी नलिका रंगल्यात का, ते विचारा. त्याही कोऱ्या असतील तर दोष तुकड्याच्या जपणुकीत किंवा रंगवण्यात असू शकतो, तपासणी दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या दुसऱ्या तुकड्यावर) पुन्हा करायला सांगा. हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) २+, म्हणजे अनिश्चित, आला तर फिश (त्याचं जनुक चमकत्या ठिपक्यांनी मोजायची तपासणी) करावंच लागतं, आणि कच्च्या तुकड्यात त्याचे ठिपके मोजता येत नाहीत. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइटचं (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं) प्रमाणही आता रिपोर्टमध्ये विचारलं जातं. ते साध्या गुलाबी-निळ्या स्लाइडवरच बघतात, पण केंद्रकं फिसकटलेली असतील तर लिम्फोसाइट कुठली आणि मेलेली गाठीची पेशी कुठली, हे अनुभवी डोळ्यालाही सांगता येत नाही.

जास्त वेळही चालत नाही. ह्या तपासण्यांसाठी तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवायची ६ ते ७२ तासांची मर्यादा आहे. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन आणि सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवारी संध्याकाळी ७२ तास भरतात. लॅबला आधी फोन करून ठेवा. या बरण्यांच्या लेबलवर ‘गाठ काढल्याची वेळ’ आणि ‘फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ’ अशा दोन रिकाम्या ओळी कोणीच छापलेल्या नाहीत. पुरवठादारांनी तेवढं केलं तरी मोठं काम होईल. तोवर चिकटपट्टीवर लिहून लावा.

एक काळजी मात्र घ्या. बरण्या आयत्या हाताशी असल्या की ओटीत प्रत्येक तुकडा त्यातच टाकला जातो. मानेतली गाठ असेल आणि टीबीची शंका असेल तर एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा काढा, फॉर्मालिनमधल्या तुकड्याचं कल्चर होत नाही. लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी) फ्लो सायटोमेट्री, म्हणजे यंत्राने एकेक पेशी तपासणं, करायची असेल तरी पेशी जिवंत लागतात. फ्रोझन सेक्शनचा (ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासायचा) तुकडाही फॉर्मालिनशिवाय कोराच, लगेच लॅबमध्ये द्यायचा.