बॅटरीवर सरळ कॉम्प्युटर चालवणारं डीसी-डीसी बोर्ड, सहा महिने वापरून

दारव्ह्याजवळच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, टिनाच्या शेडमधे. जुलैत पीक विम्याले लोकं सकाळपासून उभे राह्यतात अन् लाइन गेली की जुनी 100 एएचची बॅटरी दुपारी दोनलाच बसून जायची, वीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाले उद्या या म्हणताना जिवावर यायचं. म्हणून 12 ते 24 व्होल्टवालं डीसी-डीसी एटीएक्स बोर्ड (कॉम्प्युटरच्या नेहमीच्या पॉवर सप्लायच्या जागी बसणारं) मागवलं, सव्वादोन हजारात पडलं.

हे बॅटरीची डीसी सरळ मदरबोर्डले देते. नाही तं पाहा, बॅटरीत 12 व्होल्ट डीसी, इन्व्हर्टर त्याची 230 व्होल्ट एसी करते, एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या डब्यातला पॉवर सप्लाय) तिची परत तीनशेच्या वर डीसी करते अन् तिथून खाली 12, 5 अन् 3.3 वर आणते. जे होतं तेच फिरून बनवाचं अन् दरवेळी थोडी वीज गरमीत घालवाची! त्यात माझा एसएमपीएस 450 वॅटचा अन् एसएसडीवालं मशीन ओढते जेमतेम 30, इतक्या कमी लोडवर एफिशियन्सी पडतेच, पॉवर सप्लाय किती वीज वाया घालवते ते तपासणारी ब्राँझ-गोल्डवाली 80 प्लस टेस्टसुद्धा 20 टक्के लोडपासून सुरू होते. क्लॅम्प मीटर लावून पाह्यलं, मॉनिटर धरून आधी 8 अँपिअर जायचे, आता साडेचार. तीच बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते.

पण घेताना एक पाहाच. माझा पहिला पीस बरोबर 12 व्होल्टच आत घेणारा निघाला, विकणाऱ्यानं बॅटरीवर चालते असं सांगतलं होतं. उन्हात सोलरवर बॅटरी चार्ज होताना 14.4 पर्यंत चढते, अन् तेवढ्यात हे बंद. दोनदा अर्धा भरलेला फॉर्म गेला. वापस केला. मॉनिटर पण 12 चाच, त्याले मधे बक-बूस्ट (बॅटरीचं व्होल्टेज खाली-वर झालं तरी पुढे 12 च देणारं सर्किट) लावा, सरळ बॅटरीवर देऊ नका.

दुसरं तारेचं. 50 वॅटले 230 वर पाव अँपिअरही लागत नाही, 12 वर चारच्या वर लागतात. मी आधी दीड एमएमच्या तारेनं मागच्या खोलीतून, दहा मीटरवरून आणलं तं एक व्होल्ट तारेतच गेला. आता बॅटरी टेबलाखाली, तार चार एमएमची, अन् प्लसच्या टर्मिनलजवळच 10 अँपिअरचा फ्यूज, तो लावल्याशिवाय चालूच करू नका, बॅटरी शॉर्ट झाली तं तार पेटते.

लेझर प्रिंटर याच्यावर चालत नाही, तो इन्व्हर्टरवरच ठेवला, प्रिंट काढाच्या वेळीच चालू करतो.