रेडॉन मॉनिटर: वर्षभराहून जास्त वापरल्यावर, आणि बीपर का नाही हा माझा प्रश्न

रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू. तो घराबाहेर टाकणारा आमचा पंखा ऐन जानेवारीत बंद पडला, म्हणून लिहायला बसलोय. आम्ही कोलोराडोत लेडव्हिलला राहतो, 3,100 मीटर उंचीवरचं जुनं खाणींचं गाव. राज्यातल्या जवळजवळ निम्म्या घरांत रेडॉन लिटरभर हवेत 4 पिकोक्युरीच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) वर निघतो, आणि 4 च्या वर गेला की काहीतरी करा असं इथली ईपीए (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) सांगते. डब्ल्यूएचओ तर 2.7 लाच सावध व्हा म्हणतं.

राज्याच्या आरोग्य खात्याकडून फुकट मिळणारं रेडॉन तपासायचं कोळशाचं किट आधी लावलं, लॅबने 9 च्या वर सांगितलं. मग दीडशे डॉलर मोजून डिजिटल मॉनिटर घेतला. पहिले काही आठवडे मला तो अजिबात पटला नाही, 24 तासांचा आकडा आज 6 तर परवा 12, असलं काय कामाचं! पण रेडॉनच तसा वागतो. थंडीत घरातली गरम हवा वर जाते आणि तळघर जमिनीतला वायू ओढून घेतं, हवेचा दाब पडला की अजून वाढतो, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की 3 च्या आसपास. हळूहळू सरासरी किटजवळ आली, तेव्हापासून माझा यावर पूर्ण भरवसा आहे.

पुढे दीड हजार डॉलर घालून फरशीखालून पाईप आणि पंखा बसवला, वायू छपरावरून बाहेर. मॉनिटर रिसेट केला, आकडा 0.9. इतका आनंद झाला काय सांगू, मुलं खाली खेळतात हो आमची.

आता मुद्द्याचं. पाईपवर यू आकाराची नळी असते, तिच्यात रंगीत तेल. दोन्ही बाजूंची पातळी वेगळी असली म्हणजे ओढ चालू आहे. आमची झाली सारखी, आणि कुणालाच कळलं नाही, कारण तिकडे रोज कोण बघतंय. मॉनिटर जिन्याखाली, त्यावर 8.4 लिहिलेलं, पण आवाज नाही, लाईट नाही, काहीच नाही! आणि मोठ्या अक्षरात दिसते लाँग टर्म सरासरी, ती होती 1.1, कारण आधीच्या सगळ्या चांगल्या महिन्यांत हे थोडे दिवस बुडून जातात. मी खाली बल्ब आणायला गेलो आणि 24 तासांच्या आकड्यावर नजर पडली म्हणून कळलं. अमेरिकेत वर्षाला 21,000 च्या आसपास माणसं रेडॉनमुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरने जातात असा ईपीएचा अंदाज आहे, आणि दीडशे डॉलरच्या वस्तूत एक बीपर बसवता येत नाही? दहा डॉलरच्या स्मोक अलार्मला असतो.

पंखा बसवणाऱ्या कंपनीला फोन केला तर म्हणे बर्फामुळे तारीख पुढच्या महिन्यात. पंखा वॉरंटीत, पण छपराशेजारी चढायची मजुरी वेगळी, हे आधी कुणी बोललं नव्हतं. भरपूर भांडल्यावर निम्मी सोडली. नवीन पंखा लागला, एक-दोन दिवसांत आकडा परत 1 च्या खाली.

आधी चार स्टार देणार होतो, तीन देतोय. मापाला पाच, बीपरला शून्य. तरी डेन्व्हरकडच्या ज्यांच्याकडे पंखा आहे त्यांनी हा घ्याच, फक्त लाँग टर्मचा आकडा बघून निवांत राहू नका, 24 तासांचा बघा. बीपरवाला कुठला मिळत असेल तर खाली लिहा, मी आजच्या आज मागवतो.