बर्मिंगहॅममध्ये आठ महिने बाहेर जेवून: बिलातली शेवटची ओळ

हे लिहायला बसले ते शनिवारच्या बिलामुळे. सिटी सेंटरमधलं हॉटेल, नाव लिहीत नाही. डाळ कोमट, नान वातड, पाणी दोनदा मागितलं. आणि बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज. चौघांच्या ९६ पौंडांवर वर १२ पौंड! मी म्हटलं, काढा. मॅनेजर येऊन ‘का’ विचारत उभा. नवरा हळूच म्हणतोय, ‘जाऊ दे ना.’ नाही जाऊ दिलं. हा चार्ज ऐच्छिक, असं त्यांच्याच मेन्यूवर छापलेलं होतं. १२ पौंडांत आमची आठवड्याची भाजी येते.

पहिले काही महिने मी सगळीकडेच तो काढायला लावायचे. ते चुकलंच माझं. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे कायदा आहे, टिप आणि सर्व्हिस चार्जचे पैसे मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाहीत, ते कामगारांनाच द्यावे लागतात. हे कळल्यापासून नीट वाढलं असेल तर मुकाट्याने देते. पाणी मागताना मात्र ‘टॅप वॉटर’ असंच म्हणा. दारूचा परवाना असलेल्या हॉटेलांना ते फुकट द्यावंच लागतं.

मन भरलं ते लेडीपूल रोडवर. बाल्टी, म्हणजे कढईतच वाढतात ती मसालेदार करी, याच शहराची, १९७०च्या दशकात इथल्या पाकिस्तानी-काश्मिरी लोकांनी रुजवलेली. पातळ पोलादी कढई, खाली भडक आच, तूप नाही, तेल. ज्या कढईत शिजलं तीच टेबलावर येते. आमची आली तेव्हा कडेचा मसाला अजून चुरचुरत होता, आणि तोच करपट-गोडसर थर नानच्या तुकड्याने खरवडून खाण्यात खरी मजा. भात मागवू नका. ‘टेबल नान’ एकच घ्या, चौघांना पुरून उरतो. बिलात सर्व्हिस चार्जची ओळ नव्हती. वाढणाऱ्या काकांच्या हातात मी आपणहून पाच पौंड ठेवले.

वडापावची हुक्की आली तर बेनेट्स हिलवरचं ‘बुंदोबस्त’ हे हॉटेल. गुजराती शाकाहारी, पण वड्याला आपली चव आहे.

लग्नाच्या वाढदिवसाला इथल्याच ‘ओफीम’ या महागड्या हॉटेलचा विचार चाललाय. २०२४ मध्ये दोन मिशेलिन स्टार, म्हणजे उत्तम जेवणासाठीचा मोठा मान, मिळालेत त्याला. पैसे साठवतोय. बुकिंगआधी मेन्यूची शेवटची ओळ तेवढी वाचणार आहे.